केस कधी धुवायचे, ते टाळूला विचार

अगं, एका रूमवर सहा जणी असल्या की केसांबद्दल सहा मतं निघणारच. एक म्हणते रोज धू, दुसरी म्हणते रोज धुतलेस तर पुढून टक्कल पडेल, आणि गावाहून आईचा फोन आला की तिचं ठरलेलं, रविवारी न्हाऊन घे आणि मधल्या दिवसांत तेल सोडू नकोस. आठवड्यातून किती वेळा धुवायचे, हा आकडा तुला हवाय, तो मी सांगते. पण आधी तू मला तीन गोष्टी सांग. कंपनीत कुठल्या शॉपला, म्हणजे कुठल्या विभागात आहेस? रूमवर पाणी कुठलं येतं, नळाचं की बोअरचं? आणि या आठवड्यात शिफ्ट कुठली? खराबवाडीत राहा, नाणेकरवाडीत राहा, नाहीतर मोशी-भोसरीत, चाकण ते भोसरीच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या मुलीच्या केसांचं सगळं गणित या तीन गोष्टींवर आहे.

आता आकडा. बहुतेक जणींना आठवड्यातून दोनदा पुरतं. एकदा धुतलेस की मध्ये दोन-तीन दिवस सोडायचे. मशीन शॉपला असशील, दिवसभर कूलंटच्या तुषारात उभी असशील, तर दिवसाआड धू, अगदी चिकट झालं तर रोजही धू, त्यानं काही बिघडत नाही. वायरिंग हार्नेसच्या टेबलावर बसून काम असेल, केस कोरडे किंवा कुरळे असतील, तर आठवड्यातून एकदा धुतलेस तरी चालेल. आणि घाम फार आला पण शांपूची वेळ झालेली नाही, अशा दिवशी नुसत्या पाण्यानं टाळू धुऊन घेतलीस तरी हलकं वाटतं.

हे का, ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. तेल केसात तयार होत नाही, डोक्याच्या कातडीत होतं. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक ग्रंथी असते, ती तेल सोडत राहते आणि ते तेल केसावरून हळूहळू खाली उतरतं. सरळ केसांवरून भराभर उतरतं, कुरळ्या केसांवर वरच अडकतं, म्हणून कुरळ्या केसांची टोकं कायम कोरडी असतात. ग्रंथी किती तेल सोडणार ते शरीरातले हार्मोन ठरवतात. धुतल्यामुळे ती जास्त सोडायला लागते, अशी भीती तुझ्या मनात कुणी घातली असेल तर काढून टाक. त्या तेलात दिवसभराचा घाम मिसळतो, पुणे-नाशिक रोडची धूळ मिसळते, आणि वर आठ तास टोपी. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी असते. ती या तेलावरच जगते. तिचा जोर वाढला की खाज सुटते आणि कोंडा पडतो. म्हणून धुवायची ती टाळू. खालचे केस तिच्याबरोबर आपोआप धुतले जातात.

ड्युटीवरून आलीस की एक करून बघ. हात साबणानं धू, पुसून कोरडे कर, आणि टोपीची पट्टी जिथे बसते तिथे, कानाच्या वर आणि मागे शेंडीच्या जागी, बोटाचं टोक टाळूला टेकवून जरा फिरव. बोट सुकं लागलं तर आज नको. बोट चकाकलं, नखात पांढरं-राखाडी काही आलं, किंवा त्याला आंबूस वास आला, की धुवायची वेळ झाली. दोन आठवडे असं बघितलंस की तुझं डोकं किती दिवसांनी भरतं ते तुला कळेल. शेजारच्या कॉटवरच्या मुलीचं दोन दिवसांत भरत असेल, तुझं पाच दिवस टिकत असेल. तिची नक्कल कशाला करायची?

आईवर मात्र चिडू नकोस. तिच्या तरुणपणी पाणी विहिरीवरून आणायचं, चुलीवर नाहीतर बंबात तापवायचं, कंबरेपर्यंतचे केस शिकेकाई-रिठ्यानं चोळून धुवायचे, मग अंगणात उन्हाकडे पाठ करून वाळवत बसायचं. घरात चार बायका असल्या तर सगळ्यांचं न्हाणं होईपर्यंत अर्धा दिवस जायचा. एवढं सरपण आणि एवढं पाणी आठवड्यातून एकदाच परवडायचं. त्या रविवारामागे हे कारण होतं, आणि ते त्या घरांसाठी बरोबरच होतं. तिनं आठ तास टोपी घालून असेंब्ली लाइनवर काढले नव्हते. तुला ते काढावे लागतात.

वारांचंही तसंच. सोमवारी नको, शनिवारी नको, भावाची बहीण असलीस तर बुधवारी नको, एकादशीला तर नकोच. प्रत्येक घराचे वार वेगळे, हे सहा जिल्ह्यांतल्या सहा मुली एका रूमवर आल्या की लगेच लक्षात येतं. कंपनीची सुट्टी या वारांना विचारून येत नाही. भोसरी-पिंपरीकडे कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि नेमकं त्याच दिवशी विजेचं दुरुस्तीचं काम निघालं की मोटर बंद, गीझर बंद. तुला वेळ, पाणी आणि ऊन ज्या दिवशी एकत्र मिळेल तो तुझा वार. पाळीच्या दिवसांतही केस धुतले तर काही होत नाही. कोमट पाणी घे, बरं वाटेल. कुठे चौथ्या दिवसापर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ देत नाहीत, आणि चौथ्या दिवशी न्हायलाच लावतात. तू रूमवर स्वतंत्र आहेस. दुसऱ्या दिवशी डोकं चिकट झालं असेल तर दुसऱ्या दिवशी धू.

आता शॉपचं. कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं तेल. सीएनसी मशीनचं दार उघडलं की त्याचा बारीक तुषार बाहेर येतो आणि कपाळावर, बटांवर, मानेवर बसतो. तो तसाच राहिला की केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात, विशेषतः कपाळाच्या कडेला आणि मानेच्या खळगीत. मुलींना वाटतं उष्णता झाली. अगं, उष्णता कसली, ते तेल आहे. घरी आल्या आल्या मान आणि कपाळाची कड साबणानं धुवायची, त्यासाठी केस धुवायचा दिवस असायची गरज नाही. ग्राइंडिंगला, फाउंड्रीला असलेल्या मुलींनीही हेच करावं.

पेंट शॉपला असशील तर तुझ्यासाठी वेगळंच एक सांगते, कारण हे पहिल्या आठवड्यात कुणी नीट समजावत नाही आणि मग सुपरवायझरचं ऐकून घ्यावं लागतं. गाडीच्या पत्र्यावर ओला रंग असताना सिलिकॉनचा एवढासा अंश जरी त्यावर पडला, तरी तिथून रंग मागे सरकतो आणि वाटोळा खड्डा राहतो. शॉपमध्ये त्याला क्रेटर म्हणतात. तो पार्ट मग घासून पुन्हा रंगवायला जातो. आणि हे सिलिकॉन कुठून येतं? हेअर सीरममधून, केस चमकवणाऱ्या स्प्रेमधून, बऱ्याचशा कंडिशनरमधून, कधी डिओमधून. म्हणून पेंट शॉपमध्ये या वस्तूंना मनाई असते. बाटलीच्या मागची बारीक यादी वाच. डायमेथिकोन, किंवा ज्याच्या शेवटी ‘कोन’ येतो असं नाव दिसलं की ती बाटली पेंट शॉपच्या मुलीसाठी नाही. ड्युटीच्या दिवशी तेलही नको. साधा शांपू, भरपूर पाणी, आणि केस पूर्ण वाळल्यावर हूडच्या आत नीट बांधलेले, एवढंच ठेव. नवीन शांपू आणलास तर आधी सुट्टीच्या दिवशी वापरून बघ.

मशीनजवळ ओल्या, सुट्या केसांनी कधीही जाऊ नकोस. हे मी फार कळकळीनं सांगते. फर्स्ट शिफ्टला उशीर झालेला, केस ओले, मुली म्हणतात टोपीबाहेर जरा सोडते, बसमध्ये वाळतील. बसमध्ये वाळत नाहीत. मग तशाच लाइनवर उभ्या राहतात, आणि ड्रिलच्या फिरत्या स्पिंडलला एक बट पुरते. ती नुसता केस ओढत नाही, डोक्याची कातडी ओढते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत गेल्या, तेव्हा व्हेरोनिका लेक नावाची सिनेनटी एका डोळ्यावर केस सोडायची आणि मुली तिची नक्कल करायच्या. १९४३ साली तिथल्या सरकारनं तिलाच विनंती केली आणि तिनं केस वर बांधून दाखवले, मुलींनी तसं करावं म्हणून. नटीच्या केशरचनेत सरकारला लक्ष घालावं लागलं, म्हणजे धोका किती असेल बघ.

आणि आपल्याकडे आता हा प्रश्न चार-दोन मुलींचा राहिलेला नाही. १९७४ साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे आपल्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, आणि त्या तिथल्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. आज त्याच टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरियर-सफारीच्या लाइनवर दीड हजारावर मुली उभ्या आहेत. बूट, टोप्या बनवणाऱ्यांनी आता आपला विचार करायला हवा. लांब केसांचा अंबाडा मावेल अशी टोपी माग. अंबाडा टोपीत मावत नाही म्हणून मुली केस इतके आवळून बांधतात की कपाळाची रेषा मागे जायला लागते. सतत ताण पडला की त्या जागचे केस आधी बारीक होतात, मग गळतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पुन्हा येत नाहीत. कानामागे खाली सैल वेणी घालून ती गुंडाळ. रात्री झोपताना केस मोकळे किंवा सैल वेणीत ठेव.

आता पाणी. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीला शुद्ध करून येतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ते दिवसाआड सुरू झालं आणि दिवसाआडाची ती सवय अजून सुटलेली नाही. चाकणकडच्या रूम्सना तर बऱ्याचदा बोअर आणि टँकर. आपला हा सगळा काळ्या बेसाल्टचा प्रदेश, त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. पाण्याच्या कठीणपणासाठी आपल्या देशात प्रमाण ठरलेलं आहे, एका लीटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. तुझ्याकडे यंत्र नाही, पण तुझी बादली बघ. कडेला पांढरा थर बसतो का? हीटरच्या रॉडवर खरपुडी येते का? कपड्यांच्या साबणाला फेस न येता दह्यासारखं काही तरंगतं का? मग पाणी कठीण आहे.

कठीण पाण्यानं केस मुळापासून गळत नाहीत, ते आधी मनातून काढ. केस खरखरीत होतात, गुंततात आणि विंचरताना मध्येच तुटतात. जमिनीवर पडलेला केस उचलून बघ. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळासकट आलाय. ठिपका नसेल, लांबी अर्धीच असेल, तर तो तुटलाय. तुटत असतील तर उपाय पाण्यात आहे. अंगाचा साबण केसांना लावूच नकोस, कठीण पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शांपूचं तसं होत नाही. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्यानं कर, पण शेवटचे दोन-तीन मग नळाच्या पाण्याचे ठेव. नळाला पाणी येतं त्या दिवशी एक कळशी भरून बाजूला ठेवायची, एवढंच. टोकांना थोडा कंडिशनर लाव, पेंट शॉपची नसशील तर.

फेसाच्या मागे लागू नकोस. आळंदीला इंद्रायणीवर दर काही महिन्यांनी पांढरा फेस येतो, तो काय नदी स्वच्छ झाली म्हणून येत नाही. शांपू थोडा हातावर घे, मगात पाणी घालून पातळ कर, आणि बोटांच्या पेरांनी टाळूवर फिरव, नखांनी नाही. डोक्यावर तेल असेल तर पहिल्या हाताला फेस येणारच नाही, धुऊन टाक आणि दुसऱ्यांदा लाव. खांद्याखालचे केस चोळायचे नाहीत, वरून वाहून येणारं पाणी त्यांना पुरतं. एका रुपयाची पुडी घेतलीस तरी चालते, महाग बाटलीनं डोकं जास्त स्वच्छ होत नाही. शिकेकाई आवडत असेल तर सुट्टीच्या दिवशी लाव, पण तिचा चुरा निघेपर्यंत धुवायला पाणी भरपूर लागतं, तेवढं पाणी असेल तरच.

ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून टॉवेलनं झटकायचं नाही. जुन्या सुती ओढणीत गुंडाळून दाबायचं, थोडं वाळू द्यायचं, आणि मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकापासून वर वर जायचं.

शिफ्टप्रमाणे वेळ अशी लाव. फर्स्टच्या आठवड्यात पहाटे धुवायचं नाहीच. पाच वाजता अंधारात गार पाणी, मग ओल्या केसांवर टोपी, आणि दुपारी टोपी काढलीस की आत कोंदट वास. दुपारी साडेतीन-चारला रूमवर आलीस की धू, ऊन असतं, वाळतात. सेकंडच्या आठवड्यात सकाळी आठ-नऊला धू, बस यायच्या आत खडखडीत वाळतील. रात्री बारा वाजता येऊन धुऊ नकोस, ओल्या केसांनी उशीवर झोपलीस की केस घासून तुटतात आणि टाळू रात्रभर दमट राहते. नाइटच्या आठवड्यात सकाळी येऊन आधी झोप घे, झोपेचे हाल केसांसाठी करायचे नाहीत. चारला उठलीस की धू. ओल्या केसांनी सर्दी होते हे आई सांगेल, सर्दी विषाणूनं होते, पण डिसेंबरात ओल्या डोक्यानं कुडकुडत बसमध्ये बसायची हौस तरी कशाला?

बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवत असशील तर बटण बंद करून, प्लग भिंतीतून उपटूनच पाण्यात हात घाल. बटण बंद करून भागत नाही, प्लग उपट. सहा जणींच्या घाईत एखादीला वाटतं दुसरीनं बंद केलं असेल. हे दाराच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटव.

तेलाबद्दल. आईनं दिलेलं खोबरेल टाकून देऊ नकोस. सुट्टीच्या दिवशी धुवायच्या तासभर आधी लाव, केसांच्या लांबीला लाव, मऊ राहतात. कोंडा असेल तर टाळूला तेल लावायचं नाही. मघाशी सांगितलं ना, ती बुरशी तेलावरच जगते. कोंड्याला लोक ‘डोकं कोरडं पडलंय’ म्हणतात आणि अजून तेल थापतात, मग तो वाढतोच. मेडिकलमध्ये दोन टक्के किटोकोनॅझोलचा शांपू मिळतो, तो आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा, दोन ते चार आठवडे. लावला आणि लगेच धुतला तर पैसे वाया. तरी थांबला नाही, जाड खपल्या आल्या, गोल गोल चाई पडली, तर कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं.

टोपी धुतेस का? हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते आणि बहुतेक जणी गप्प बसतात. डोकं धुवायचं आणि आठवडाभर घामट टोपी, हेल्मेटचं तेच अस्तर, तोच स्कार्फ, तीच उशीची खोळ? केस धुवायच्या दिवशी टोपी आणि स्कार्फही पिळून टाक, उशीची खोळ आठवड्याला बदल. कंगवा स्वतःचा ठेव. एकीला उवा झाल्या तर तिला बाजूला पाडू नका, उवा घाणीमुळे होत नाहीत, डोक्याला डोकं लागून होतात. शांपूनं त्या मरत नाहीत. रूममधल्या सगळ्या जणींची डोकी तपासून, ज्यांना उवा आहेत त्यांनी औषध एकाच दिवशी लावायचं आणि आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा.

गळतीचं भय मी समजू शकते. धुताना मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की पोटात गोळा येतो, आणि मग मुली धुणंच टाळतात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. तू चार दिवस डोकं धुतलं नाहीस तर चार दिवसांचे सुटलेले केस आतच अडकून राहतात आणि पाचव्या दिवशी एकदम निघतात. ते आधीच सुटलेले होते, पाण्यानं फक्त बाहेर आणले. पण रोज धुऊनही पुंजका मोठाच निघत असेल, वेणी हातात बारीक लागत असेल, तर गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते आठव. डेंग्यू, टायफॉईडसारखा मोठा ताप? बाळंतपण? की गाव सोडून इथे आल्यावर जेवणाचे हाल, सकाळी चहा-खारी, दुपारी कँटीन आणि रात्री काही नाही? केस त्याचा हिशेब दोन-तीन महिन्यांनी चुकता करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन तपास. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर तुझं ईएसआयचं कार्ड असायला हवं, चिंचवडला मोहननगरला त्यांचं रुग्णालय आहे. कार्ड नसेल तर पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आहे. चारशे-पाचशेचं गळतीचं तेल घेण्याआधी ही तपासणी कर.

आता एक जड गोष्ट, पण तुला माहीत असावी. आजारपणात, बाळंतपणानंतर, किंवा मन फार खचलं की कुणी कुणी महिनोन्महिने केस धूत नाही, विंचरत नाही. सुटलेले केस आतच राहतात, त्यात तेल, घाम, धूळ बसते, गुंता घट्ट होत जातो आणि एक दिवस फणी जायचीच बंद होते. कित्येक घरांत याला देवीची जट म्हणतात. तिला हळद-कुंकू वाहतात. कापली तर देवी कोपेल, घरात कुणी मरेल, या धाकानं बाई ते ओझं वर्षानुवर्षं वाहते. मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, आत उवा आणि जखमा होतात. पूर्वी तर जट आली म्हणून मुलीला देवाला सोडत. पुण्याच्या नंदिनी जाधव, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, त्यांचा मूळचा व्यवसाय ब्यूटी पार्लरचा. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा कापून त्यांना मोकळं केलंय. कात्री चालवायला थोडा वेळ लागतो. त्याआधी घरच्यांशी बोलण्यात, भीती काढण्यात कितीतरी फेऱ्या जातात. मला या बाईंच्या कामाबद्दल फार आदर आहे. तुझ्या गावाकडे, किंवा इथल्याच एखाद्या चाळीत, कुणाच्या डोक्यात असा गुंता दिसला तर नमस्कार करू नकोस, तिच्याजवळ बस. गुंता छोटा असेल तर तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी, टोकापासून, हळूहळू सुटतो. मोठा असेल तर समितीच्या लोकांना बोलाव. आणि तुझ्या रूमवरची एखादी मुलगी, कालपर्यंत नीटनेटकी असलेली, अचानक केस धुवायचं सोडून देत असेल, तर शांपूचा सल्ला देऊ नकोस. काय चाललंय तुझं, एवढं विचार. तिच्या डोक्याला पाणी घालायला बसलीस तर त्याच वेळात ती बोलेल.

राहिला बाथरूमचा प्रश्न. सहा जणी, एक मोरी, वर पाचशे लीटरची टाकी. एकाच दिवशी सहाही जणींनी डोकं धुवायचं म्हटलं तर चौथीपर्यंत पाणी संपणार आणि भांडण होणार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं नावं टाका. एका दिवशी दोघी, शिफ्ट बघून. कूलंटवाल्या मुलींना जास्त पाळ्या, हार्नेसवालीला कमी, त्यात रुसायचं नाही. मालकाला टाकी रोज भरायला सांगायची ती सहा जणींनी मिळून सांगायची. कंपनीतही बघ, कामगारांना धुण्याची सोय आणि बायकांसाठी ती वेगळी, आडोशाची असावी, हे आपल्या कायद्यात १९४८ सालीच आलं. कंत्राटी असलीस तरी नळ आणि साबण मागायला लाजू नकोस. आणि उद्या स्टोअरमध्ये जाऊन दुसरी टोपी मागून घे. एक धुवायला, एक घालायला. देत नाहीत म्हणाले तर मला सांग, आपण दोघी जाऊ.